भयकथावाल्या धारप-मतकरींनी कुणाकुणाची झोप उडवली? लिवा की

माळा आवरताना नारायण धारपांची 'लुचाई' कादंबरी सापडली. वाचनालयाचा शिक्का तसाच, परत करायची राहिली ती राहिलीच. मे महिना, खानापूरला मामाच्या घरी वाचलेली. लाईट गेलेली, कंदील. पडवीपलीकडे काहीतरी धप्पकन पडलं. पहाटेपर्यंत लघवी दाबून बसलो. नंतर कळलं, स्टीफन किंगच्या १९७५ च्या कादंबरीवरून बेतलीय. खरं मूळ इंग्रजीतलं वाचताना मला एवढं भ्या वाटलं नाही. तुमचं सांगा.

निपाणीकर : मला मतकरी. धारपांचं भूत दार वाजवून येतंय, मतकरींचं आधीच सोफ्यावर बसलेलं असतंय. आमचा काका तंबाखूच्या वखारीत राखणीला असायचा, तिथंच वाचायचा. बल्ब एकच, वासानं डोकं गरगरतंय. एका रात्री पुस्तक तिथंच टाकून घरी आला. राखण गेली खड्ड्यात.

शहापूरची सून : मी अर्धंच वाचलो. सासूबाईंनी पुस्तक धान्याच्या डब्यात लपवलं, घरात असलं नको म्हणून. तांदूळ काढताना परत भेटलं 😭 कुकर लावलाय, नंतर येतो.

पुणेरी वाचक : वाचलो? ताई ना तुम्ही?

शहापूरची सून : बेळगावच्या बायका अशाच बोलतात ओ. त्यात भिण्यासारखं काय नाही.

चिकोडी एक्सप्रेस : 😂😂

चिकोडी एक्सप्रेस : धारपांच्या गोष्टीत भुतं घालवणारे समर्थ आले की माझी भीती संपते. आता हे निस्तरतील म्हणून पाय पसरून वाचायचं. मग भयकथा कसली ती?

निपाणीकर : तेच तर पायजे की. रात्री दोनला कोणीतरी निस्तरणारा नको?

जुना मास्तर : भुताशिवायही भिववता येतं. आमच्या एकसंब्यात जन्मलेले जीए कुलकर्णी वाचा. त्यांना भयकथाकार कोणी म्हणत नाही, खरं त्यांची काही माणसं वाचून मी कित्येक दिवस गप्प होतो. धारप वाचून एवढं कधी झालं नाही.

चिकोडी एक्सप्रेस : सर, जीए झोपताना नको. सकाळी शाळा असते.

शहापूरची सून : आलो. ते धप्पकन काय पडलेलं ते सांगा आधी!

धागाकर्ता : फणस. सकाळी मामीनं गरे काढले.

जुना मास्तर : बरका की कापा?

धागाकर्ता : बरका.

निपाणीकर : मग पडणारच. 'लुचाई' वाचून झाली की माझ्याकडं द्या. वाचनालयाचा दंड तुमचा तुम्ही भरा.