अंतराळवीराच्या पत्रावरची सही हाताची की यंत्राची?

गिरगावकर: अपोलो काळातल्या एका अंतराळवीराचं टाइप केलेलं, सहीचं पत्र घ्यायचा विचार आहे. सही खरी आहे का, कसं तपासू? आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते ठेवायचं कसं?

शाईदौत: नासाकडून तेव्हा ऑटोपेनच्या, म्हणजे साच्यावरून सही काढणाऱ्या यंत्राच्या, सह्या सर्रास जायच्या. त्याच व्यक्तीचे माहीत असलेले ऑटोपेन नमुने मिळवा, स्कॅन एका मापात आणून सहीवर ठेवा. तंतोतंत जुळली तर यंत्रच. माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही. भिंगाखाली रेषेची जाडी सगळीकडे सारखी, टोकांना शाईचे ठिपके आणि बारीक थरथर दिसली तरी संशय घ्या. मात्र जुळली नाही म्हणजे खरी, असं नाही. एकेकाचे अनेक नमुने होते, शिवाय सेक्रेटरीच्या हातच्या सह्या वेगळ्याच. नील आर्मस्ट्राँग यांनी तर १९९४ च्या सुमारास सह्या देणंच थांबवलं होतं. त्यानंतरची तारीख असेल तर पैसे खिशातच ठेवा.

पार्लेकर: लॅमिनेशन नको, कायमचं नुकसान होतं. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाला शाई चिकटते. पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचं पाकीट, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, हवाबंद डब्यात ओलावा शोषून रंग बदलणारं सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, ओल तिथूनच येते. भिंतीवर लावायचं तर स्कॅनची प्रत लावा, स्केचपेनची शाई उजेडात उडते.

गिरगावकर: विक्रेत्याकडून सहीचा ६०० डीपीआय स्कॅन मागवतो.

शाईदौत: पत्राच्या मागच्या बाजूचाही मागवा. पेनाचा दाब तिथे कळतो.