फेरेटला कच्चं मांस घालणाऱ्यांनो, सोफ्यामागे बघितलंत का?

लीड्सकर_बाप
गेल्या रविवारी आमच्या सोफ्यामागे कोंबडीची मान सापडली. किती दिवसांची होती कोण जाणे. सापडली तीही मला नाही, माझ्या रांगणाऱ्या लेकीला. तोंडात घालायच्या आत मी पोचलो, एवढंच.

ज्यांनी फेरेट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आई इथे इंग्लंडला आली तेव्हा पहिलाच प्रश्न होता, "हे मुंगूस कशाला पाळलंस रे?" मुंगूस नव्हे, पाणमांजराच्या कुळातलं लांबोळं जनावर. बंड्या आणि चिंगी असे दोघे आहेत. चार वर्षं त्यांना कच्चं मांस घातलं, तेही अभिमानाने.

आता माझं मत साफ बदललंय. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर कच्चं बंद, विकतचे कोरडे दाणे चालू. "फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात" हे इथला प्रत्येक कच्चंवाला सांगतो. गोठवून काही परजीवी मरतात, पण पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंपैकी साल्मोनेला बऱ्यापैकी तग धरतो आणि कॅम्पिलोबॅक्टरही सगळा मरत नाही. २०१४-१५ मध्ये ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने दुकानातल्या ताज्या कोंबड्या तपासल्या, तर ७३ टक्क्यांवर कॅम्पिलोबॅक्टर निघाला. चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे उडतात, असं ते तेव्हापासून घसा फोडून सांगताहेत. आपल्यात ऐकतो कोण म्हणा, हळद-मीठ चोळून दोनदा धुतल्याशिवाय आईला चैन पडत नाही. तरी आपल्याला बाधत नाही, कारण आपण ते शिजवतो. बंड्या तेच तोंडात धरून गालिच्यावरून फिरवतो.

सशांची_शेजारीण
लेक बरी आहे ना? ते आधी सांगा.

बाकी चूक मांसाची नाही, मोकळ्या सोडलेल्या फेरेटच्या तोंडात मान देणाऱ्याची आहे. फेरेट अन्न लपवणारच. मी माझ्या तिघांना पिंजऱ्यातच वाढते, दार लावून. दोन तासांनी उरलेलं उचलते आणि त्यांचं अंथरूण झटकून बघते, कारण चोरीचा माल बहुतेक तिथेच असतो. मग सगळं साबणाच्या गरम पाण्याने. मांस फ्रिजमध्येच वितळवायचं, ओट्यावर नाही. सुरी-पाट वेगळा. आजीचं सोवळं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे जड जाऊ नये!

आणि दाण्यांची वकिली करताना त्याच्या पोटाचा विचार करा. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. आंधळं आतडंच नाही, त्यामुळे धान्य आणि चोथा पचवायची सोय नाही. पण कोरड्या दाण्याला आकार धरायला पीठ लागतंच. शेजारचे यॉर्कशरचे आजोबा अजून फेरेट घेऊन सशांच्या शिकारीला जातात, बिळाच्या तोंडांना जाळी लावून. त्यांच्या वडिलांच्या काळी फेरेटला दूध-पाव घालायचे म्हणे. म्हणजे त्याला भलतंच खाऊ घालायची खोड इथे जुनीच.

परभणी_ते_लँकेशायर
परभणीला पशुवैद्यकी शिकले, आता इथल्या दवाखान्यात आहे. "दोघांचंही थोडं बरोबर" असं म्हणून सुटणार नाही. मी लीड्सकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं.

माझ्यासमोर येणारे कच्चं खाणारे फेरेट जंतूंनी आजारी पडलेले क्वचितच असतात. असतात ते बिनहाडाच्या चिकनवर वाढवलेले. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, मालक म्हणतो "रोज ताजं चिकन घालतो हो". त्यावर उपाय म्हणून कुणी कलेजीचा मारा करतो आणि अ जीवनसत्त्व अंगावर येतं. कुणी रोज कच्ची मासळी घालतो. काही माशांत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) नासवणारं द्रव्य असतं. हाडांसकट, थोडीशीच कलेजी, आलटूनपालटून प्राणी, हे तोलून घालणारे शेजारीणबाईंसारखे थोडे. बाकीच्यांनी चांगल्या प्रतीचे, मांसाचं प्रमाण जास्त असलेले दाणे घालावेत. पिठामुळे स्वादुपिंडात गाठी होतात ही शंका मलाही आहे, पण ती अजून शंकाच आहे.

सशांची_शेजारीण
मग तयार कच्चं खाद्य घ्या की! इथल्या नियमाप्रमाणे त्याचे पाच नमुने तपासतात आणि २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला अजिबात चालत नाही.

परभणी_ते_लँकेशायर
तो नियम साल्मोनेलाचा. क्षयाचं काय? २०१८-१९ मध्ये इथल्या घराबाहेर न पडणाऱ्या मांजरांना गुरांचा क्षय झाला. एडिनबर्ग विद्यापीठाच्या लोकांनी माग काढला तेव्हा संशय हरणाच्या मांसाच्या तयार कच्च्या खाद्यावर गेला. फेरेटलाही हा क्षय होतो. न्यूझीलंडच्या रानात तो कितीतरी फेरेटांत सापडलाय.

पोर्टलंडचा_पाटील
माझा मुद्दा फ्लूचा, आणि तो पिंजऱ्याचं दार लावून सुटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत, आमच्या ऑरेगनमध्ये गोठवलेलं कच्चं टर्कीचं खाद्य खाऊन एक मांजर एच५एन१ बर्ड फ्लूने मेलं. मांजरातला आणि खाद्यातला विषाणू एकच निघाला. फेरेट तर फ्लूचं जुनं गिऱ्हाईक. १९३३ साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो फेरेटच्या नाकात आजाऱ्याच्या गुळण्यांचं पाणी घालूनच. ते मांजर मेल्यापासून माझ्याकडे कच्ची कोंबडी, बदक, टर्की बंद. कोंबडी शिजवतो, हाडं सगळी काढतो (शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन टोचतं) आणि डॉक्टरने सांगितलेली कॅल्शियमची भुकटी घालतो.

सशांची_शेजारीण
शिजवल्यावर मांसातलं टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य पाण्यात उतरतं, ते ठाऊक आहे ना?

पोर्टलंडचा_पाटील
म्हणून तो रस्साही त्यालाच. वर थोडं कोंबडीचं काळीज, हृदय या अर्थाने. टॉरिन त्यात चांगलं असतं. रस्सा बिनमसाल्याचा आणि कांदा-लसणीशिवाय. आपल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागतं, कारण कांद्याशिवाय कोंबडी शिजते हे आपल्याला पटत नाही. कांदा-लसूण फेरेटला विषच.

सशांची_शेजारीण
फ्लूचं म्हणणं मान्य. कोंबडीची पिल्लं घालायचं मी थांबवते. ससा मात्र चालू राहणार, तो माझ्यासमोर सोलला जातो.

लीड्सकर_बाप
लेक मजेत आहे, विचारल्याबद्दल आभार. बंड्याचं मात्र बिनसलंय. काल सकाळपासून मांस बंद करून दाणे ठेवले, तर त्याने वाटी उलथी केली आणि वर येऊन माझा मोजा लपवला. चिंगीने चार दाणे चघळले. बंड्याला उपाशी ठेवला तर खाईल का?

परभणी_ते_लँकेशायर
अजिबात उपाशी ठेवू नका! फेरेटची साखर काही तासांच्या उपासातच घसरू शकते. लहानपणी ज्या वासाची सवय लागली तेच त्याच्या लेखी अन्न, बाकी सगळं माती. आज रात्रीच शिजवलेली कोंबडी द्या. उद्यापासून दाणे पाटलांच्या त्या रश्श्यात भिजवून, कुस्करून त्यात चिमूटभर मिसळा. दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवा, महिना लागला तरी लागू दे. आज रात्रीही खाल्लं नाही किंवा मागचे पाय ओढायला लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

लीड्सकर_बाप
कुकर लावलाय. दोघेही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसलेत.