चालू बॉयलर काढून हीट पंप लावावा का? माझं मत: लावावा, आणि चालू असतानाच

रेडिंगकर
इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगला, गणपतीच्या जेवणात विषय निघाला आणि पंगतीतल्या तिघांनी मला जवळजवळ वेड्यात काढलं. "धडधाकट गॅस बॉयलर काढून बाहेर तो भलामोठा पंखा कशाला बसवलास?" म्हणून सविस्तर लिहितो. (बॉयलर गॅस जाळून पाणी तापवतो आणि ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवून घर उबदार ठेवतो. हीट पंप तेच पाणी विजेवर, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तापवतो.) झोडायचं असेल तर इथे झोडा.

आमचं घर १९३० च्या दशकातलं, एका बाजूने जोडलेलं, तीन बेडरूमचं. पोकळ भिंतीत भराव आहे, माळ्यावर इन्सुलेशनची जाड गादी आहे. सरकारी अनुदान इंग्लंड-वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून ५,००० ऐवजी ७,५०० पौंड झालं, तेव्हा आम्ही निर्णय घेतला. दोन हिवाळे झाले.

आधी वाईट सांगतो. पहिला हिवाळा महाग गेला. बसवणाऱ्याने रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ५५ अंशांवर कायमचं ठेवून दिलं आणि "आता हात लावू नका" म्हणून निघून गेला. मीही गाढवासारखा हात लावला नाही. एका युनिट विजेमागे अडीच युनिट उष्णता मिळत होती. वीज २५ पेन्स आणि गॅस साडेसहा पेन्सच्या आसपास असताना अडीचमध्ये भागत नाही. वर्षाला सुमारे १,०२० पौंड गेले. गॅसवर स्थिर आकारासकट ८९० जायचे.

दुसऱ्या वर्षी बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त होण्याची सोय (वेदर कॉम्पेन्सेशन) चालू केली, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरवरचे थर्मोस्टॅट पूर्ण उघडले आणि पंप दिवसभर मंद चालू ठेवला. आता बहुतेक दिवस पाणी ३५ ते ४२ अंशांवर असतं. अडीचचा आकडा ३.१ वर गेला, खर्च ८२० पर्यंत आला. म्हणजे वाचले ७० पौंड. हसा.

पण मी तो पैशासाठी लावलाच नव्हता. पहाटे पाचला उठल्यावर घर रात्रीइतकंच उबदार असतं. बॉयलरच्या काळी सकाळी दोन तास भट्टी, मग दुपारी हुडहुडी, असा खेळ चालायचा. तो संपला.

आणि "चालू असतानाच" का? बॉयलर मरतो तो जानेवारीत, शुक्रवारी संध्याकाळी. घरात लहान मूल असेल तर हीट पंपाच्या मोजमापासाठी, कोटेशनसाठी आणि अनुदानाच्या अर्जासाठी दोन महिने कोण थांबेल? जो माणूस दोन दिवसांत बॉयलर बसवून देतो त्यालाच फोन जातो, आणि पुढची पंधरा वर्षं पुन्हा गॅस.

लीड्सची वहिनी
रेडिंगकर, तुमच्याच पोस्टमध्ये तुमचा पराभव लिहिलाय. एक हिवाळा १३० पौंड जास्त भरले, मग आलेख बघत बसलात, मग ७० वाचले. तुम्ही इंजिनिअर दिसता म्हणून निभावलं. माझ्या शेजारच्या आजींनी काय करायचं? ज्या यंत्रासाठी घरमालकाला अर्धा तंत्रज्ञ व्हावं लागतं ते यंत्र अजून घराघरांत जायला तयार नाही, एवढं साधं आहे.

आमचं घर व्हिक्टोरियन, रांगेतलं. नऊ इंची भरीव विटांची भिंत, पोकळी नाहीच तर भरणार काय? पाइप बोटाएवढे बारीक. कोटेशन आलं त्यात आठ रेडिएटर बदलायचे, खालच्या मजल्यावरची फरशी उखडून जाड पाइप घालायचे, आणि जिन्याखालच्या कपाटात पाण्याची टाकी. अनुदान वजा जाऊन साडेसहा हजार पौंड. नवीन बॉयलर अडीच-तीन हजारांत येतो. सासूबाईंना संधिवात आहे. मी त्यांच्या गुडघ्यांवर प्रयोग करणार नाही.

कोथरूडचा मेकॅनिक
मी पुण्यात एसी दुरुस्त करतो, तिकडची थंडी पाहिलेली नाही. पण यंत्र तेच आहे हो. फ्रिजच्या मागे हात लावा, गरम लागतं ना? आतली उष्णता बाहेर टाकतो म्हणून. हा बाहेरच्या हवेतली आत आणतो. आपल्याकडे हॉटेलांत, वसतिगृहांत अंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप लागलेले आहेत, नवल काही नाही.

एक सांगतो, गिऱ्हाईक नेहमी मोठा मागतं. "दीड टनाच्या जागी दोन टन टाका, गरम राहिलंच तर?" मोठा टाकला की कॉम्प्रेसर दर पाच मिनिटांनी चालू-बंद, चालू-बंद. वीज जास्त, आयुष्य कमी. वहिनींना ज्याने कोटेशन दिलं त्याने खोलीखोलीतून उष्णतेची गळती किती ते मोजलं होतं का, की क्षेत्रफळाला आकडा गुणून दिला?

लीड्सची वहिनी
मेकॅनिकदादा, वीस मिनिटांत घर बघून गेला. टेप काढलेली मी पाहिली नाही.

ओस्लोहून
थंडीत चालत नाही असं अजून कुणी म्हणालं नाही म्हणून बरं वाटलं, नाहीतर दर वेळी तिथूनच सुरुवात होते. नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहे. पण इथे बहुतेक ठिकाणी तो हवेतून हवेत, म्हणजे भिंतीवरचा एसीच. रेडिएटर, पाइप, टाकी यांची भानगड नाही. आधीपासून लोक विजेच्या हीटरवर घर तापवत होते, त्यामुळे पंप लावला की बिल सरळ कमी. तुमच्याकडे स्वस्त गॅसशी झुंज आहे. तुलना करताना हे विसरू नका.

गंमत अशी की बाहेरच्या युनिटवर बर्फ साचायला इंग्लंडची हवा जास्त सोयीची. शून्य ते पाच अंश आणि वर दमट. उणे दहाच्या कोरड्या हवेत दवच कमी. तेव्हा तुमच्या पंपातून वाफ निघून तो काही मिनिटं उलटा फिरला तर घाबरून अग्निशामक दलाला बोलावू नका. तो स्वतःचा बर्फ वितळवतोय.

हिशोबी
मला रेडिंगकरांचा मूळ मुद्दाच पटत नाही. चालू यंत्र भंगारात काढणं हे आपल्या घरात बसत नाही. आमच्या आजोबांनी तांब्याचा बंब तीन पिढ्या वापरला. बॉयलर अजून आठ वर्षं चालेल. तोपर्यंत वीज स्वस्त होईल, यंत्र सुधारेल, बसवणारे शिकतील. दुसऱ्यांच्या चुकांवर शिकू द्या की आम्हाला. इथे ब्रिटनमध्ये विजेच्या बिलावर सरकारी योजनांचा भार गॅसपेक्षा जास्त टाकलाय. वीज गॅसच्या चौपट महाग असेपर्यंत हीट पंप लावणारा माणूस धोरणाची किंमत स्वतःच्या खिशातून भरतो.

रेडिंगकर
हिशोबी, चौपटीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जर्मनीत हेच गुणोत्तर तिपटीच्या आसपास आहे, तिथे गणित लवकर जुळतं. हीट पंपासाठीचे वेगळे दर घेतले, पहाटे आणि दुपारी स्वस्त विजेत घर थोडं जास्त तापवून ठेवलं, तर माझा खर्च आणखी खाली येतो. पण परत "तुम्ही इंजिनिअर" ऐकून घ्यावं लागेल म्हणून तो मोजलेला नाही.

वहिनी, आजींबद्दल तुमचं बरोबर आहे. चूक यंत्राची नाही हे म्हणणं सोपं आहे, पण आजींना बिल येतं ते चुकीचंच येतं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये साडेसातशेच्या आसपास घरांत पंप लावून मोजणी झाली होती, त्यात हवेच्या पंपांचा मधला आकडा २.८ च्या आसपास आला. म्हणजे निम्म्या घरांत त्याहून कमी. ज्यांना चार मिळतात तेच इंटरनेटवर लिहितात. (आणि ३.१ वाले, थोडी बढाई मारून.)

भरीतप्रेमी
सगळे खर्चाचं बोलताय, खरी गोष्ट कुणी बोलत नाही. गॅसचा स्थिर आकार वाचवायचा तर कनेक्शनच कापावं लागतं. म्हणजे शेगडी गेली. आता वांगं कशावर भाजू? इंडक्शनवर भाकरी फुगते, तव्याची सवय झाली की जमतं. फुलका जाळी ठेवून जमवला. पण ओव्हनमधल्या वांग्याला धुराचा वास येत नाही तो नाहीच. शेवटी बागेत छोटी सिलिंडरची शेगडी ठेवलीय. फेब्रुवारीत जॅकेट घालून वांगं भाजणारा बघून शेजारी पडद्याआडून पाहतात.

रेडिंगकर
आमच्याकडे हिने शेगडीसाठीच सहा महिने अडवून धरलं होतं! आणि टाकीचं सांगायचं राहिलं. कॉम्बी बॉयलरमध्ये (टाकीशिवाय, लागेल तसं पाणी तापवणाऱ्या) गरम पाणी संपत नाही, टाकीतलं संपतं. गेल्या दिवाळीत घरात आठ जण. तेल-उटणं लावून सगळे रांगेत. टाकी २०० लिटरची. बादलीने अंघोळ केली असती तर सगळ्यांना पुरलं असतं, पण भाच्याने शॉवरखाली पंधरा मिनिटं काढली आणि माझा नंबर शेवटचा. नरकचतुर्दशीला गार पाण्याने अंघोळ केलेला रेडिंगमधला मी एकटाच असेन.

आई साताऱ्याहून आली की अजूनही रेडिएटरला हात लावते आणि म्हणते, "अरे, हा बंद पडलाय." खोलीत २० अंश असतात, पण हाताला चटका बसत नाही ना. कपडेही त्यावर पटकन वाळत नाहीत, हेही लिहून ठेवा.

लीड्सची वहिनी
हे वाचून हसले, पण मत बदललं नाही.

रेडिंगकर
बदलू नका. एक फुकटातला प्रयोग करा. थंड आठवडा बघून तुमच्याच बॉयलरवर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ५० वर आणा. नळाच्या गरम पाण्याचं बटण वेगळं असतं, त्याला हात लावू नका. दिवसभर चालू ठेवा. घर उबदार राहिलं तर तुमचे रेडिएटर पंपाला चालतील. नाही राहिलं तर कुठली खोली मागे पडते ते कळेल, आणि आठच्या आठ बदलायचे की दोनच, हे कोटेशनवाल्याला तुम्ही सांगाल. तोपर्यंत बॉयलरमध्येही गॅस कमी जळतो, कारण परतीचं पाणी गार आलं की धुरातली वाफ पाणी होऊन तिची उष्णता घरात येते.

हिशोबी
हा प्रयोग मात्र करणार. बॉयलर न काढता.

लीड्सची वहिनी
(तीन आठवड्यांनी) बाहेर एक अंश होता तेव्हा केला. हॉल १९, सासूबाईंची खोली २०, त्यांनी दुसरी गोधडी मागितली नाही. मागची वरची खोली १५ च्या वर जाईना, आणि बाथरूम बर्फ. दोन रेडिएटर आणि त्या खोलीच्या भिंतीला आतून काहीतरी करावं लागेल असं दिसतंय. गॅसही थोडा कमी गेला. दुसऱ्या माणसाला बोलावलंय मार्चमध्ये, टेप घेऊन ये म्हणून सांगितलंय. हो म्हटलेलं नाही.