निफाडला खरंच बर्फ पडणार का? बागेची आधी काय तयारी ठेवावी?

कादवाकाठ_बागवान
दोन दिवसांपासून ग्रुपवर मेसेज फिरतोय, ‘निफाड तालुक्यात हिमवृष्टीची शक्यता’. सोबत पांढऱ्याफटक शेताचे फोटो. यात कितपत तथ्य आहे ते जाणकारांनी सांगावं. बर्फ नाही पडला तरी पारा चारच्या खाली जाईल अशी लक्षणं आहेत.

बागेची माहिती अशी: थॉमसन द्राक्ष, दोन एकर, लागवड नऊ बाय पाच फूट, वाय आकाराचा मंडप. गोडी (फळासाठीची) छाटणी ८ ऑक्टोबरची, म्हणजे आज ८० दिवस झाले. मणी १३-१४ मिमी. मण्यात पाणी अजून उतरलेलं नाही (मणी नरम पडून गोडी भरणं), पण आठवड्यात सुरू होईल. झाडाला तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर. जमीन नदीकडे उतरती आणि खालच्या बांधाला शेडनेटचं कुंपण. शिवाय पाच गुंठे गादीवाफ्यांवर टोमॅटो आणि ढोबळीचं रोप आहे.

पहाटे ड्रिप चालवावं का, चालवलं तर किती? शेकोट्या किती लागतील? आणि ते फ्लोरिडात झाडांवर पाणी मारून बर्फ चढवतात, तो प्रकार आपल्याकडे चालतो का?

हवा_आणि_पारा
बर्फ पडणार नाही. फोटो दोनच प्रकारचे असतात. एक तर गारपिटीनंतरचं शेत (२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधले फोटो अजून फिरतात), नाहीतर गोठलेलं दव. २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर १.८ अंश नोंदले गेले होते. एवढा पारा उतरला की गवतावर आणि गाडीच्या टपावर दव गोठतं. ते जमिनीलगतच तयार होतं, आभाळातून पडत नाही.

हिम पडायला जाड, ओले ढग हवेत आणि ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्याच्या आसपास हवी. आपल्याकडे हिवाळ्यातसुद्धा शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरच्या वर असते. त्याखाली आलेला हिमकण काही शे मीटरांत वितळून पाऊस होतो. गार जड असते, वेगाने पडते, म्हणून ती जमिनीपर्यंत टिकते. शिवाय आपली कडाक्याची थंडी येते तीच मुळी निरभ्र, कोरड्या रात्री. ढग आले की ते पांघरुणासारखं काम करतात आणि पारा वर राहतो. म्हणजे ढग असेल तर थंडी नाही आणि थंडी असेल तर ढग नाही.

लक्ष ठेवायचं ते उत्तरेकडे. पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात. आधी राजस्थान आणि मध्य प्रदेशाचा पारा पडतो, मग धुळे-जळगाव, मग आपण. हा एक-दोन दिवसांचा अवधी तयारीला पुरतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला बघाच. पण केंद्रावरचा पारा जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीत मोजलेला असतो. गवताच्या पातळीवर तो त्याहून दोन ते चार अंश कमी असू शकतो, आणि उघड्या आकाशाखालचं पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड असतं. म्हणून केंद्रावर ३ दिसले तरी बागेच्या खालच्या कोपऱ्यात पान शून्याला टेकलेलं असू शकतं.

अंदाज बागेतच काढता येतो. काचेचे दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला मलमलची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. सूर्य मावळताना दोन्ही सावलीत टांगून पुठ्ठ्याने दोन-तीन मिनिटं वारा घाला आणि वाचा. कोरडा १८ आणि ओला १३ आला, तर दवबिंदू ९ च्या आसपास. रात्री हवा तिथपर्यंत उतरली की दव धरायला लागतं. दव धरताना किलोमागे सहाशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता सुटते आणि पारा घसरायला ब्रेक लागतो. पण कोरडा १८ आणि ओला ९ आला, तर दवबिंदू शून्याजवळ. ब्रेकच नाही. अशा पहाटे पानावर दव दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि दुपारी पानं काळी पडलेली दिसतात. पांढरं दिसण्यापेक्षा ही कोरडी रात्र जास्त घातक. वारा पूर्ण पडला असेल तर अजूनच.

वाय_मंडप
पाण्याचं आधी गणित करू. एकरात ९६८ झाडं, झाडाला आठ लिटर, म्हणजे तासाला एकरी साधारण ७,७०० लिटर. विहिरीचं पाणी या दिवसांत २४ अंशांच्या आसपास असतं. ते बागेत येऊन १० पर्यंत थंड झालं तर लिटरमागे १४ किलोकॅलरी सोडतं, म्हणजे तासाला लाखभर. सुमारे २८ किलो वाळलेल्या लाकडाइतकी ही उष्णता आहे, आणि ती वर उडून न जाता मुळाशी मिळते. म्हणून पहाटेच्या ड्रिपला अर्थ आहे.

पण किती द्यायचं, ही खरी मेख. लोक चारला मोटर चालू करतात आणि सात वाजता बंद करतात. तीन तासांत एकरी २३ हजार लिटर गेले. तुम्ही रोज एकरी सहा हजार देत असाल तर ते चार दिवसांचं पाणी झालं. थंडीत पानातून पाणी बाहेर पडत नाही, मुळाचा दाब मात्र चालू असतो. पाणी उतरलेल्या मण्याची साल हा दाब सोसत नाही आणि देठाजवळ बारीक चीर जाते. मग थंडीतून वाचलेला माल तडकण्यात जातो.

तेव्हा पाणी वाढवायचं नाही, वेळ सरकवायची. थंडीची झळ येणार असं दिसलं की एक दिवसाचं पाणी राखून ठेवा आणि त्या पहाटे दोन दिवसांचं मिळून १२ हजार लिटर द्या, म्हणजे दीड तास. सूर्योदय सातच्या सुमाराला आणि सगळ्यात कमी पारा त्याच्या अलीकडे-पलीकडे, म्हणून साडेपाच ते सात. एका वेळी एकच व्हॉल्व्ह चालत असेल तर चारला वरचा एकर सुरू करा आणि साडेपाचला खालचा, म्हणजे ऐन वेळी पाणी सखल भागात असेल. आठवड्यानंतर मणी नरम पडायला लागले की हे प्रमाणही निम्म्यावर आणा.

आणि ऑटो स्टार्टर! थ्री फेज रात्री अकराला आली तर मोटर आपोआप सुरू होते, आणि चारला विहीर तळाला गेलेली असते. त्या रात्री ऑटो बंद ठेवा. लाईटचं वेळापत्रक बघून ठेवा. पहाटे थ्री फेज नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाणी देऊन घ्या. वरचा फूटभर ओला थर दिवसा ऊन साठवतो आणि रात्री सोडतो. कोरडी भुसभुशीत माती हे करत नाही, कारण तिच्यात हवाच जास्त. म्हणून या आठवड्यात बागेत रोटाव्हेटर घालू नका. तण असेल तर ते उपटण्याऐवजी कापून घ्या. बोदावर (ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) पाचट टाकलं असेल तर तेवढे चार दिवस बाजूला ओढा, नाहीतर मातीची ऊब त्याच्याखालीच अडकते.

कुंपणाचं तर आजच बघा. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि तुमचं शेडनेट तिला बंधाऱ्यासारखं अडवतं. खालच्या बाजूची नेट दोन-अडीच फूट वर गुंडाळून बांधा, हवा नदीकडे निघून जाईल. याला पैसा लागत नाही आणि फरक मात्र हमखास पडतो.

शेकोटी एकरी वीस-पंचवीस, बांधाकडेने आणि मधल्या रस्त्यावर. भरपूर धूर झाला पाहिजे, म्हणून ओलं पाचट वर टाकायचं.

हवा_आणि_पारा
धुराबद्दल असहमत. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांच्यातून आरपार जाते. पांढरा धूर दिसतो म्हणून पांघरूण घातल्यासारखं वाटतं, इतकंच. उलट सकाळी तोच धूर ऊन अडवतो आणि पारा उशिरा चढतो. काम करते ती आच.

आचही लहान आणि जास्त ठिकाणी हवी. निरभ्र रात्री वीस-तीस फुटांवरची हवा खालच्यापेक्षा गरम असते. लहान शेकोटीची ऊब त्या थरापर्यंत जाऊन तिथेच पसरते. मोठा जाळ केला तर गरम हवा तो थर फोडून निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. एकरी ३५-४०, प्रत्येकी दोन-तीन किलो वाळलेली काटकी, असा हिशेब धरा. चार फुटांवरच्या थर्मामीटरने ३ अंश दाखवले की एकाआड एक पेटवा, तरीही पारा उतरत राहिला तर उरलेल्या. सगळ्या एकदम पेटवल्या तर पाच वाजताच सरपण संपतं, आणि खरी गरज सहानंतर असते.

वाय_मंडप
आच मुख्य, हे मान्य. पण पूर्ण कोरडं सरपण अर्ध्या तासात राख होतं, त्यामुळे एखादं जाड खोड मध्ये हवंच. ओल्या पाचटाचा मुद्दा मागे घेतो, कारण निर्यातीच्या मालावर काजळी आणि धुराचा वास बसतो हेही आहे. टायर तर अजिबात नको. आणि जाळ लॅटरलपासून (ड्रिपच्या ओळीतल्या नळीपासून) चार फूट तरी लांब ठेवा. सोळा एमएमची नळी नुसत्या धगीनेही वाकते, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी ओळ कोरडी राहिल्यावर.

ठिबक_तुषार
फ्लोरिडाच्या व्हिडिओबद्दल. पाणी गोठताना लिटरमागे ८० किलोकॅलरी सोडतं, त्यावर ती पद्धत उभी आहे. सतत पाणी पडतंय तोवर बर्फाच्या आतलं फळ शून्याच्या आसपास टिकतं. पण त्यासाठी तासाला तीन मिमी तरी पाणी लागतं, म्हणजे एकरी १२ हजार लिटर, आणि बर्फ वितळेपर्यंत खंड चालत नाही. मध्येच लाईट गेली तर ओल्या पानावरून बाष्पीभवन सुरू होतं. गोठताना जेवढी उष्णता मिळाली त्याच्या सातपट ते खेचून घेतं. काहीच न केलेल्या बागेपेक्षा ती बाग जास्त जळते. आपल्याकडे हवा शून्याखाली जात नाही, तेव्हा बर्फाचा फायदा मिळायचाच नाही. घड रात्रभर ओला राहून डाऊनी (केवडा रोग) आणि कूज मात्र मिळेल. द्राक्षावर तुषार नकोच.

रोपवाटिका_पिंपळगाव
रोपांचं: गादीवाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी, दोन-दोन मीटरवर, उंची दीड-दोन फूट, आणि त्यावर १७ जीएसएमचं क्रॉप कव्हर (पिकावर टाकायचं पातळ न विणलेलं कापड). संध्याकाळी ऊन असतानाच झाकायचं, म्हणजे मातीची ऊब आत राहते. अंधार पडल्यावर झाकलं तर थंडीच झाकली जाते. कडा मातीने दाबा. साधं पारदर्शक प्लॅस्टिक टाकू नका. त्यातून उष्णता निसटते आणि जिथे पान चिकटतं तिथे डाग पडतो. सकाळी नऊपर्यंत उघडा, नाहीतर आतल्या दमटपणाने रोपं मुळाशी कोलमडतात. युरिया हे आठ दिवस नको. लुसलुशीत रोप आधी जळतं. ढोबळी टोमॅटोपेक्षा नाजूक, कव्हर कमी पडलं तर आधी ढोबळी झाका.

उन्हाळ कांद्याची काळजी करू नका, त्याला ही थंडी सोसते. फार दिवस टिकली तर पुढे डेंगळे (फुलाचे दांडे) निघतील, पण त्यावर आता उपाय नाही.

कादवाकाठ_बागवान
नेट आजच वर करतो. दोन गोष्टी राहिल्या. घडांना पेपर लावायचा होता, तो थंडीत लावावा की नंतर? आणि जीएची (मणी फुगवायचं जिबरेलिक ॲसिड) शेवटची फवारणी उद्या सकाळी धरली आहे.

वाय_मंडप
पेपर आत्ताच, पाणी उतरायच्या आधी. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक आणि त्यात घडावर थेट ऊन, यातून पिंक बेरी होते, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडतात. पेपर ऊन अडवतो. थंडी अडवेल अशी अपेक्षा ठेवू नका. एकदा पाणी उतरलं की उशीर झाला. मजूर कमी असतील तर पश्चिमेच्या बाजूचे, पानाबाहेर आलेले घड आधी. लावण्यापूर्वी मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि भुरी (पांढरी बुरशी) तपासून घ्या, नंतर आतपर्यंत फवारा पोचत नाही. भुरी थंडीत थांबते हा गैरसमज आहे. दुपारी २५-२६ अंश तिला पुरेसे होतात, आणि गंधक मात्र थंड हवेत कमी काम करतं.

जीए आधी रद्द करा. १३-१४ मिमीच्या मण्याला आता त्याचा उपयोग नाही, साल जाड होईल आणि पाणी उतरायला लांबेल. बाकी काही फवारायचं असेल तर अकरा ते तीनमध्ये. पान गारठलेलं असताना शोषत नाही आणि घड ओला राहतो.

हवा_आणि_पारा
दुसऱ्या दिवशीचंही सांगून ठेवतो. सकाळी पानं काचेसारखी, पाणी भरल्यासारखी दिसली तर हात लावू नका आणि पाणीही मारू नका. दुपारी तीननंतर बघा. हिरवी राहिली तर वाचली, तपकिरी झाली तर तेवढा भाग गेला. तरी ती पानं लगेच खुडू नका. आठ-दहा दिवस घडावर सावली म्हणून ती कामाला येतात, आणि कुठवर जळलंय ते तोवर स्पष्ट होतं. थर्मामीटर दोन लावा, एक वरच्या कोपऱ्यात आणि एक नदीकडच्या. फरक दोन अंशांपेक्षा जास्त निघाला तर शेकोट्या सारख्या वाटू नका, दोन तृतीयांश खालच्या एकरात ठेवा.