चर्चा : ख्रिस्ती महाविद्यालयाचे यश कशावरून जोखावे?

दापोलीकर (धागाकर्ता)

भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे शालेय शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत झाले आणि पुढचे मुंबईच्या विल्सन कॉलेजात, हे आमच्या तालुक्यात अनेकांना ठाऊक आहे. पण त्याचा अर्थ काय लावायचा, याचा विचार फारसा कोणी करत नाही. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिणारा हा विद्वान ज्या दोन संस्थांत घडला, त्यांपैकी एक अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) मिशनची होती, दुसरी स्कॉटिश मिशनची, आणि या देशात ख्रिस्ती धर्माचा प्रसार व्हावा हा दोहोंचाही उघड हेतू होता. तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

विल्सन कॉलेजची हकीकत थोडक्यात सांगतो. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस उतरले, मराठी शिकण्यासाठी आपल्या बाणकोट-हर्णैकडे येऊन राहिले आणि १८३२ साली त्यांनी गिरगावात आंब्रोळीला इंग्रजी शाळा काढली. १८३९ साली तिथल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात हलकल्लोळ झाला, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने आईबापांच्या स्वाधीन केले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून ब्रह्मवृंदात जो वाद पेटला, त्यात पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, विल्सन फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले आणि शाळेच्या इमारतीवर त्यांना पाणी सोडावे लागले. एवढे सगळे होऊनही ती संस्था टिकली, १८६१ साली मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि १८८९ पासून चौपाटीवरच्या आजच्या इमारतीत नांदते आहे.

धर्मांतरे झाली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि शिकून बाहेर पडले हजारो. म्हणून माझे म्हणणे असे की, ख्रिस्ती महाविद्यालयाचे खरे यश त्याचा मूळ हेतू फसला यातच आहे. माझे आजोबा याच मिशन शाळेत शिकले. बायबलच्या परीक्षेत पहिले आल्याबद्दल मिळालेला मराठी नवा करार त्यांनी देवघराशेजारच्या कपाटात, ज्ञानेश्वरीच्या खालच्या फळीवर, कापडात बांधून ठेवला होता. येशूचे डोंगरावरचे प्रवचन त्यांना तोंडपाठ होते. मात्र शाळेतून आल्यावर विहिरीवर आंघोळ केल्याखेरीज त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. या विसंगतीचा त्यांना स्वतःला कधी त्रास झाला नाही, आणि शाळेलाही झाला नसावा. आपणांस काय वाटते?

रत्नागिरीकर

दापोलीकर, आपण मांडणी चांगली केलीत, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. काणे विल्सनमध्ये शिकले म्हणून विल्सनने काणे घडवले, असे म्हणायचे असेल तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे काय करायचे? त्यांचा जन्म मालवणचा, शाळा रत्नागिरीची आणि कॉलेज एल्फिन्स्टन, जिथे धर्मशिक्षणाचा एक तासही नव्हता. मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८८४ साली पदवीधर झाले तेही एल्फिन्स्टनमधूनच. त्या काळी कोकणातल्या हुशार मुलाला मुंबई गाठल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि तिथे कोणते कॉलेज पदरात पडेल हे फी, शिष्यवृत्ती आणि बिऱ्हाड कुठे मिळते यांवर ठरत असे. संस्कृतचा उत्तम विद्यार्थी सरकारी कॉलेजातही तितकाच उत्तम निघत होता, तर मग मिशनच्या कॉलेजाचे वेगळे देणे कोणते?

दुसरा मुद्दा मला अधिक बोचतो. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली पहिल्यांदा आले ते आपल्याच किनाऱ्यावर. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची पहिली ठाणी. तिथे त्यांनी मराठी शाळा उघडल्या, तिथेच ते मराठी शिकले आणि दहा वर्षांच्या आत गाशा गुंडाळून मुंबई-पुण्यास निघून गेले. कॉलेज झाले ते चौपाटीवर. रत्नागिरीला स्वतःचे महाविद्यालय मिळायला १९४५ साल उजाडावे लागले, आणि ते काढले ते इथल्याच शिक्षणसंस्थेने, इथल्याच लोकांच्या देणग्यांवर. किनाऱ्यावर मिशनने मराठी शिकून घेतली आणि इंग्रजी शिकवली ती मुंबईत, असा हा व्यवहार आहे. कृतज्ञता अवश्य असावी, पण ती हिशेबाने असावी.

हर्णैकर

एक छोटीशी पुस्ती. हर्णैला ज्यांनी मराठीचे धडे गिरवले त्यांत रॉबर्ट नेस्बिट होते आणि जॉन स्टीव्हन्सनही, ज्यांनी पुढे मराठीचे व्याकरण लिहिले. त्यांना शिकवणारे शास्त्री-पंतोजी इथलेच असणार, पण त्यांची नावे कुठल्या अहवालात ठळकपणे आलेली मी पाहिलेली नाहीत. काय दिले आणि काय घेतले याचा हिशेब मांडायचाच असेल, तर ही बाजूही मांडावी. बाकी वाद चालू द्या.

वसईकर

मी वसईच्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि धर्माने कॅथलिक आहे, म्हणून दोघांनाही थोडे कडक उत्तर देतो आहे. या धाग्यावर आतापर्यंत ख्रिस्ती महाविद्यालयाची जी स्तुती झाली आणि जी टीका झाली, त्या दोहोंतही ख्रिस्ती विद्यार्थी कुठेच नाही. दापोलीकरांना ते कॉलेज आवडते कारण त्यातून ख्रिस्ती न होता काणे बाहेर पडले. रत्नागिरीकरांना ते अनावश्यक वाटते कारण भांडारकर त्याच्याविना घडले. आमच्या मुलांनी कुठे शिकायचे, हा प्रश्न कुणालाच पडलेला दिसत नाही.

वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) कॉलेजचे अवशेष आजही उभे आहेत. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले आणि जेझुइटांच्या हाताखाली शिकले; १५९७ साली जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज अमलाबरोबर ती विद्यापरंपराही संपली. त्यानंतर आमच्या समाजाने जे टिकवले ते गावच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) आणि देवळालगतच्या शाळेत; कॉलेज नावाची गोष्ट मधल्या कितीतरी पिढ्यांना ठाऊकच नव्हती. आज गार्सियांच्याच नावाचे महाविद्यालय वसईत आहे, आणि तसे असण्याला आमच्या लेखी फार मोठा अर्थ आहे.

माझ्या वर्गातले चित्र सांगतो. पहिल्या बाकावरची मुलगी पहाटे आईबरोबर वाडीत मोगरा खुडते. फुलांच्या टोपल्या दादरच्या बाजारासाठी गाडीत चढल्या की घरी येऊन, अंगावर पाणी घेऊन ती साडेसातच्या तासाला हजर होते. तिच्या घरातली ती पहिली पदवीधर होईल. घरी ती सामवेदी बोली बोलते, देवळातली मिस्सा (उपासना) मराठीत ऐकते आणि परीक्षा इंग्रजीत लिहिते. चाचणीच्या दिवशी ती उशिरा आली तर तिला वर्गात घ्यावे, हे मला कोणत्याही परिपत्रकाने शिकवलेले नाही. कॉलेज लहान आहे, मुलगी कुठल्या वाडीतली आहे हे आम्हाला माहीत असते, म्हणून ते जमते. मोठ्या कॉलेजात हीच मुलगी हजेरीपटावरचा एक क्रमांक झाली असती. या कॉलेजचा मूळ हेतू फसलेला नाही, दापोलीकर. तो रोज सकाळी साडेसातला पुरा होतो.

महाडकर

वसईकर सरांनी आत कोण नव्हते ते दाखवले, त्यात माझी भर. काणे आणि भांडारकर या दोघांनाही दुसरी दारे उघडी होती. मिशनच्या शाळेची परीक्षा घ्यायची तर ज्यांना दुसरे दारच नव्हते त्यांच्यावरून घ्यावी.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. आणि दापोली म्हणाल, तर तिथे पलटणीतून निवृत्त झालेले महार पेन्शनर मोठ्या संख्येने राहत होते. गोपाळबाबा वलंगकरांसारखा माणूस तिथूनच अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होता. त्या पेन्शनरांना १८९० च्या दशकात नगरपालिकेच्या शाळेत आपली पोरे बसवण्यासाठी झगडावे लागले, आणि पोरांना जागा मिळाली तीही व्हरांड्यात. त्याच दशकात त्याच गावात मिशन शाळेच्या वर्गातून काणे मॅट्रिक होत होते. दापोलीकरांच्या आजोबांना घरी येऊन आंघोळ का करावी लागत होती, याचे उत्तर कपाटातल्या नव्या करारात सापडणार नाही; ते व्हरांड्यात सापडेल.

आता मिशनच्या बाजूनेही डोळे झाकून बोलू नये. विल्सनसारख्यांचे धोरणच असे होते की, इंग्रजी शिक्षणाने आधी वरच्या जातींची मने वळवावीत, म्हणजे बाकीचा समाज आपोआप मागून येईल. म्हणून चांगले शिक्षक, चांगली इमारत आणि पुस्तके गेली ती ब्राह्मण-पारशी मुलांच्या कॉलेजाकडे. वरची जात वळली नाही आणि खालची पुरेशी शिकली नाही. दापोलीकर ज्या फसण्यालाच यश म्हणतात, त्याची किंमत कोणी मोजली हे पाहिले की तो शब्दप्रयोग मला फार महाग वाटतो. मात्र सरकारी शाळा दार लावून बसल्या असताना, कमी प्रमाणात का होईना, ज्या शाळांत आमची माणसे वर्गाच्या आत बसली त्यांत मिशनच्या शाळा होत्या, हेही मी विसरणार नाही.

दापोलीकर

सर्वांचे आभार. महाडकरांचा मुद्दा वजनदार आहे आणि आंघोळीबद्दल त्यांनी जे लिहिले ते मला नाकारता येत नाही. तरीही मूळ विधानावर मी ठाम आहे, आणि त्याचे कारण रत्नागिरीकरांच्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मिशनच्या कॉलेजाचे वेगळे देणे कोणते? तिथे धर्म हा विषय वादाला खुला होता. एल्फिन्स्टनमध्ये धर्माबद्दल मौन होते; विल्सनमध्ये रोज बायबलचा तास होता, आणि समोरचा गुरू तुमच्या परंपरेवर अभ्यासपूर्वक हल्ला चढवत असे. स्वतः विल्सन संस्कृत आणि पारशांचा अवेस्ता वाचून पंडितांशी आणि दस्तुरांशी (पारशी धर्मगुरूंशी) जाहीर वाद घालत. अशा ठिकाणी शिकणाऱ्या हिंदू मुलाला आपले ग्रंथ मुळातून वाचणे भागच पडे. काण्यांच्या चिकित्सक बुद्धीचे सगळे श्रेय मी त्या तासाला देत नाही, पण मौनापेक्षा तो हल्ला बुद्धीला अधिक पोषक होता असे मला निश्चित वाटते. आज बहुतेक ख्रिस्ती महाविद्यालयांत त्या तासाची जागा मूल्यशिक्षणाने घेतली आहे, ज्यात कोणी कोणाला दुखवत नाही आणि कोणी काही वाचतही नाही.

रत्नागिरीकर

हल्ला पोषक असतो हे हल्ला करणाऱ्याला सत्तेचे छत्र नसेल तेव्हा म्हणावे. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी शाळांना धर्माबाबत तटस्थ ठेवले, पण त्याच खलित्याने अनुदानाचा मार्ग खुला केला आणि मिशनच्या संस्थांनाही सरकारी तिजोरीतून मदत मिळू लागली. म्हणजे पालकांच्या करातून त्यांच्याच मुलांवर बायबलचा तास. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने अनुदानित संस्थेतले धर्मशिक्षण ऐच्छिक केले आणि अल्पवयीन मुलासाठी पालकाची संमती आवश्यक ठरवली, ते योग्यच झाले. दापोलीकरांना तो तास परत हवा असेल तर त्यांनी आधी अनुदान सोडणारी संस्था शोधावी.

वसईकर

तो तास आम्हालाही परत नको आहे. ख्रिस्ती मुलांचे धर्मशिक्षण रविवारी देवळात होते आणि तिथे ते उत्तम चालले आहे.

प्रश्न आहे तो ख्रिस्ती महाविद्यालय पुढे कोणासाठी राहणार हा. तो नवाही नाही. १९३०-३१ मध्ये लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने भारतातल्या ख्रिस्ती महाविद्यालयांची पाहणी केली, तेव्हाही तक्रार हीच होती की ही कॉलेजे विद्यापीठाच्या परीक्षांना जुंपली गेली आहेत आणि स्वतःचे असे काही त्यांच्याजवळ उरत नाही. घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने आम्हाला संस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या सेंट स्टीफन्स निकालाने अनुदानित अल्पसंख्य संस्थांना स्वसमाजासाठी निम्म्यापर्यंत जागा राखण्यास मान्यता दिली, आणि २००२ च्या टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती ठरावीक टक्केवारी बाजूला सारून, बाहेरच्या विद्यार्थ्यांना वाजवी प्रमाणात घ्यावे आणि ते प्रमाण स्थानिक गरजेप्रमाणे ठरावे, असे म्हटले. वसईत आमच्या जागा भरतात. दक्षिण कोकणात ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. तिथे अशा संस्थेत हिंदू आणि मुसलमान मुलेच बहुसंख्य असणार आणि त्यात वावगे काहीच नाही.

महाडकरांच्या कसोटीला मी उतरायला तयार आहे, पण ती एकट्या आम्हाला लावू नये. राखीव नसलेल्या जागा कोणाला द्यायच्या हे आमच्याकडे आज गुणवत्ता यादीवर ठरते, आणि त्या यादीत शिकवणी लावू शकणारी घरे वर असतात. त्यांतल्या काही जागा कातकरी आणि वारली पाड्यांवरून येणाऱ्या मुलांसाठी, आरक्षणाची सक्ती असो वा नसो, बाजूला काढाव्यात, अशी सूचना मी आमच्या व्यवस्थापनाकडे लेखी दिली आहे. रत्नागिरीकरांच्या गावच्या महाविद्यालयात असे काही होते का, हे त्यांनी इथे लिहावे.