मदत हवी आहे: गोळीच्या आयआरमध्ये कार्बोनिलचा पीक येतच नाही

कृष्णाकाठ_सांगली: एम.फार्म.चा प्रोजेक्ट आहे. झोपेच्या गोळीचा एफटीआयआर (इन्फ्रारेड किरण कुठं शोषले जातात त्याचा आलेख) काढलाय. बेन्झोडायझेपिन (डायझेपामच्या गटातलं औषध) आहे, मग १७०० सेंमी⁻¹ च्या आसपास कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) नको का दिसायला? ३४०० ला रुंद पट्टा, १००० ते ११५० मध्ये नुसती गर्दी. सोमवारी गाईडपुढे बसायचंय, लवकर सांगा.

माणदेशी: औषध कोणतं? केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये दाबून) की एटीआर (नमुना थेट स्फटिकावर ठेवून)? शुद्ध पावडर की गोळी कुटून?

कृष्णाकाठ_सांगली: एटीआर. गोळी कुटूनच, दुसरं काय करणार.

अजिंक्यतारा: आयआरच्या नादी लागूच नका. ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात विरघळवून यूव्ही (अतिनील किरणांचा आलेख) घ्या. डायझेपाम असेल तर २४२, २८४ आणि ३६६ नॅनोमीटरच्या आसपास पीक मिळतात. आम्ही लॅबमध्ये हेच करत आलो.

माणदेशी: यूव्हीने फार तर गट कळतो. ओळख पटवायची तर आयआर किंवा मास (रेणूचं वस्तुमान मोजणारी पद्धत) लागणारच.

अजिंक्यतारा: बार्बिट्युरेटं (झोपेच्या औषधांचा दुसरा गट) यूव्हीवरच सापडतात की. पीएच १० ला २४०, पीएच १३ ला २५५. जीसी-एमएस (घटक वेगळे करून मास काढणारं यंत्र) काय प्रत्येक कॉलेजात आहे?

माणदेशी: त्यातनंही बार्बिट्युरेट आहे एवढंच कळतं, फेनोबार्बिटल की दुसरं ते नाही.

वारणाकाठचा: ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळतात, त्यासाठी फुजिवारा चाचणी करा. पिरिडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून तापवलं की लाल रंग येतो.

माणदेशी: इथं ताडी कुठनं आली?

कराडकर_ताई: आई रोज अशीच गोळी घेते. एकदम बंद केली तर चालेल का?

अजिंक्यतारा: ताई, मुळीच नको. रोजची सवय असताना एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

कृष्णाकाठ_सांगली: माझं कुणी बघतंय का? अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम आहे.

माणदेशी: हे पहिल्यांदा सांगायचंस रे! अल्प्राझोलामच्या रेणूत कार्बोनिल नाहीच. डायझेपाममध्ये जिथं तो असतो तिथं ट्रायझोलचं (तीन नायट्रोजन असलेलं) कडं जोडलेलं आहे. शिवाय गोळीचं वजन १०० मिलिग्रॅम धरलं तरी औषध अर्धा टक्का. तुला दिसतोय तो बहुतेक लॅक्टोज, म्हणजे गोळीत भरणीला घातलेली साखर. दोन-चार गोळ्या कूट, अमोनियाने अल्कलाइन कर, क्लोरोफॉर्ममध्ये उतरव, वाफा खेचणाऱ्या हुडखाली सुकव आणि मग एटीआरवर ठेव. १६०० च्या जरा वर सी=एन (कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध) शोध. स्टँडर्डचा (शुद्ध औषधाच्या नमुन्याचा) स्पेक्ट्रमही एटीआरवरच काढलेला घे, केबीआरच्या स्पेक्ट्रमशी पीकची उंची जुळणार नाही.

कृष्णाकाठ_सांगली: स्टँडर्ड कॉलेजात नाही. कुठं मिळेल?

माणदेशी: एनडीपीएसखाली (अमली पदार्थांच्या कायद्याखाली) येतं ते, तुझ्या नावावर कुणी देणार नाही. विभागप्रमुखांकडून रीतसर पत्र घे.

अजिंक्यतारा: आणि उतरवलेल्यातलं थोडं यूव्हीला राखून ठेव.