यूएक्स टीमचा लीड निवडताना नेमकं काय तपासावं?

प्रश्न
सहा यूएक्स (वापरकर्त्याचा अनुभव) डिझायनरांच्या टीममधून एकाला लीड करायचंय. दोघांची नावं पुढे आहेत. एकाचं व्हिज्युअल काम फार देखणं आहे. दुसरीचं साधं, पण शंका आली की डेव्हलपर आधी तिच्याकडे जातात. आमचं बिल भरण्याचं मोबाइल अ‍ॅप आहे, मराठी आणि इंग्रजीत. पोर्टफोलिओ बघून काही ठरत नाहीये.

उत्तर १
दोघांनाही ज्युनिअरची एकच स्क्रीन द्या आणि २० मिनिटं रिव्ह्यू घ्यायला सांगा. तुम्ही फक्त ऐका. "हे बटण हिरवं कर" इथून सुरुवात झाली, तर सावध व्हा. चांगला लीड आधी विचारतो: इथे येण्यापूर्वी माणसाने काय केलं? खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर त्याला काय दिसेल?

बिलाच्या अ‍ॅपमध्ये खरी कसोटी इथेच लागते. नुसतं 'पेमेंट अयशस्वी' दिसलं की माणूस घाबरून पुन्हा पैसे भरतो. तिथे "बँकेचं उत्तर यायचं आहे, पुन्हा भरू नका" हे वाक्य, व्यवहार क्रमांक आणि नक्की कधी कळेल ती वेळ, तिन्ही हवं. पण लीडने हे स्वतः काढून देऊ नये, प्रश्न विचारत ज्युनिअरला तिथवर न्यावं. रात्री बसून दुसऱ्याची फिग्मा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइल दुरुस्त करणारा लीड टीमला पांगळं करतो.

उत्तर २
हीच परीक्षा मराठी स्क्रीनवर घ्या. इंग्रजीला ओळींची उंची अक्षराच्या १.२ पट चालून जाते. देवनागरीत तेवढीच ठेवली की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. १.५ पासून सुरुवात करावी. इंग्रजी 'पे' मावेल एवढंच बटण केलं, तर 'बिल भरा' दोन ओळींत तुटतं. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, तर फॉन्टमध्ये ते असावे लागतात आणि मजकुराची भाषाही मराठी अशी नोंदवावी लागते, नाहीतर हिंदी वळण येतं. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट (उजळपणाचा फरक) किमान ४.५:१ हवा. हे नजरेने ठरवणारा लीड नको, मोजणारा हवा.

उत्तर ३
संशोधनाची समजही पाहा. पाच वापरकर्त्यांची चाचणी पुरते हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं, पण ते दोष शोधण्यासाठी: पाच जण, दुरुस्ती, मग नवे पाच जण. "पाचांपैकी चौघांना आवडलं, म्हणजे ८० टक्के" असं मॅनेजरला सांगणारा टीमची पत घालवतो.

माझा कल साधं काम करणाऱ्या दुसऱ्या डिझायनरकडे आहे. फक्त डेव्हलपर तिच्याकडे का जातात ते बघा. निर्णय तिच्या डोक्यातच राहत असतील, तर ती रजेवर गेली की काम अडेल. काय ठरलं, कोणता पर्याय सोडला आणि का, एवढ्या तीन ओळी प्रत्येक निर्णयाखाली ती लिहिते का?